पुट्टीखालचे दार

१९९५ साली पुण्यात मर्सिडीज गाड्या बनू लागल्या. त्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गाडी आम्ही बघायला गेलो. व्याजाचे कर्ज नको, म्हणून रोखीत बसेल अशी जुनीच. गॅरेजवाल्या चाचांनी थंड इंजिन सुरू करून धूर पाहिला. ऑइलचे झाकण उघडून पाणी मिसळल्याची दुधट साय शोधली. इंजिन ठीक होते. पण दारावर लोहचुंबक धरेना. रंगाखाली जाड पुट्टी! मालक म्हणाले, "सर, तुम्ही विचारलंच नाही."

धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा दाखवला, तो प्रसंग आम्ही वर्गात शिकवतो. ऐब सांगायला गिऱ्हाइकाच्या प्रश्नाची वाट कशाला पाहायची?

आता आमची स्कूटर विकायची आहे. तिचा गळका कार्बोरेटर आम्हीच आधी दाखवू, किंमत उतरली तरी.