खंजिरी ऐकणाऱ्यांचा हिशेब

वंदनीय तुकडोजी महाराज,


गाण्याचं परीक्षण गाणं ताजं असताना लिहावं असा रिवाज आहे. मी ऐंशीहून अधिक वर्षं उशिरा लिहायला बसलो आहे. विषय आहे 1942 च्या ऑगस्टात आमच्या चिमुरात आपण म्हटलेली भजनं, आणि लोकांनी ती कशी ऐकली ते.

तेव्हा इथं रेकॉर्ड कंपनी नव्हती, परीक्षण छापणारं वर्तमानपत्र नव्हतं. आपण होता, खंजिरी होती आणि समोर धानाच्या बांधावरून उठून आलेली माणसं होती. भजन हिंदी होतं, पण ते समजायला कुणाला अडचण आली नाही. रानात हाताशी जे असेल त्याचंच हत्यार होईल, असा त्याचा आशय होता. चारही बाजूंनी जंगल असलेल्या गावाला तो वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. मग गाव थांबलं नाही. उपविभागीय दंडाधिकारी आणि नायब तहसीलदार यांच्यासह सरकारची चार माणसं मारली गेली, आणि तीन दिवस चिमुरात इंग्रजांचा हुकूम चालला नाही. सरकारनंही भजन नीट ऐकलं होतं. 28 ऑगस्टला आपल्याला चंद्रपुरात अटक झाली, तिथून नागपूर आणि रायपूरचा तुरुंग. भजन म्हणणाऱ्याला इतक्या गांभीर्यानं घेणारा श्रोता त्या सरकारइतका दुसरा सापडणार नाही.

इथपर्यंतची गोष्ट दर ऑगस्टात शहीद स्मारकापुढे सांगितली जाते आणि टाळ्याही होतात. मला पुढचं विचारायचं आहे.

लष्कर गावात शिरलं तेव्हा पुरुष पकडले गेले होते किंवा रानात पांगले होते. घरात राहिल्या त्या बाया. त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्याच्या जबान्या घ्यायला नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही महिला कार्यकर्त्या आल्या. सरकारनं चौकशी नाकारली. तेव्हा सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी उपोषण मांडलं, 63 दिवसांचं. त्याची बातमी छापायला बंदी आली, म्हणून 1943 च्या जानेवारीत देशातल्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक बंद ठेवला. ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्या बायांसाठी मात्र आमच्या भजन मंडळांकडे एक कडवं नाही. त्या भजनाची सगळ्यात मोठी किंमत त्यांनी मोजली आणि श्रोत्यांच्या यादीत त्यांचंच नाव नाही.

त्याच काळात अमेरिकेत वुडी गथ्री नावाचा गावरान गायक होता. धुळीच्या वादळांनी शेतं सोडावी लागलेल्या कुळांची गाणी त्यानं 1940 मध्ये रेकॉर्ड केली. ‘डस्ट बोल बॅलड्स’ हा त्याचा संच तेव्हा फारसा खपला नाही, पुढे मात्र अभिजात ठरला. हे यंत्र फासिस्टांना मारतं, अशा अर्थाचं वाक्य तो गिटारीवर लिहून हिंडे. ते आपल्या खंजिरीवरही शोभलं असतं असं म्हणायचा मोह होतो, इतके आपण दोघं जवळचे वाटता. पण त्याच्या गिटारीमुळे एखाद्या गावावर लष्कर चालून गेलं नाही. आपल्या वाट्याला ते आलं. म्हणून विचारतो, तुरुंगाच्या कोठडीत चिमूरच्या बातम्या आपल्यापर्यंत आल्या असतील, तेव्हा आपल्याला काय वाटलं? 1936 मध्ये आपण सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिला होता. ते चार मृतदेह आणि त्या बाया, दोन्ही आपल्या मनात असणारच.

उत्तर मी माझ्यापुरतं शोधलं आहे. ते ‘ग्रामगीते’त आहे. 1955 च्या त्या ग्रंथात बंडाचा आवेश कमी आणि कामाचा तगादा जास्त. गाव झाडा, संडास बांधा, भांडणं गावातच मिटवा, बाईला शिकवा, लग्नाच्या खर्चापायी कर्जात बुडू नका. स्त्रियांवर तर स्वतंत्र अध्याय आहे. तीन दिवसांचं स्वातंत्र्य ज्यानं पाहिलं, त्यानं रोज पुरेल असं स्वातंत्र्य लिहायला घेतलं, असं मला हा ग्रंथ वाचताना वाटतं. चिमूरनं आपल्या भजनाला जे उत्तर दिलं, त्यावर आपण दिलेलं हे प्रत्युत्तर.

आणि त्याचं स्वागत कसं झालं म्हणता? घराघरात पोथी आहे, लाल कापडात. विद्यापीठाला आपलं नाव आहे. पहिल्या भजनासाठी माणसं जिवावर उदार झाली, दुसऱ्या रचनेसाठी सकाळी हातात झाडू घ्यायचा तर सरपंचाला पत्रिका छापावी लागते, फोटोवाला बोलवावा लागतो. मरणं एकदाच असतं, झाडणं रोज असतं, म्हणूनही असेल.

खंजिरी भजन स्पर्धा मात्र जोरात चालतात. ताल, सूर, पाठांतर, पोशाख, सगळ्याला गुण. माझी त्यांना आपल्यामार्फत एक सूचना आहे. परीक्षकांनी निकाल त्याच रात्री लावू नये. मंडळानं ज्या ओव्या म्हटल्या, त्यातलं एक काम वर्षभरात आपल्या गावात झालं का, ते जाऊन बघावं, गावातल्या बायांना विचारावं, आणि मग ढाल द्यावी. पहिली काही वर्षं ढाल कुणालाच मिळणार नाही. मिळेल तेव्हा आपल्या रचनेचं खरं परीक्षण छापून आलं असं मी समजेन.

आपला,
चिमूरचा एक श्रोता