शिकाऱ्यांनीच राखलेले रान

कोहिमा ते खोनोमा अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण नागालँडच्या डोंगरी रस्त्यावर किलोमीटरचा हिशेब चालत नाही. पावसाने खचलेली वळणे ओलांडत टॅक्सी गावाच्या वेशीशी थांबली, तेव्हा आमची हाडे खिळखिळी झाली होती. समोर डोंगराच्या सोंडेवर घराला घर लागून वसलेले गाव, खाली भातखाचरांच्या पायऱ्या आणि वर चहूकडे दाट रान. प्रवासाचा शीण तिथेच उतरला.

हे अंगामी नागांचे गाव, आणि लढवय्ये म्हणून त्याचा लौकिक जुना. १८७९ मध्ये दामंत नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला याच गावाच्या वेशीपाशी गोळी घालून ठार केले गेले. त्यानंतर पुढच्या वर्षीपर्यंत इंग्रजी फौजेला खोनोमाशी झुंजावे लागले. नागा चळवळीचे नेते फिझो इथलेच. अशा गावात बंदूक आणि शिकार यांना केवढा मान असेल, ते वेगळे सांगायला नको.

आम्हाला रान दाखवायला आलेले गृहस्थ साठीच्या पुढचे. तिकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना ‘अंकल’ म्हणू लागलो. मोडक्या हिंदीत ते सांगत होते, “लहानपणी बापाबरोबर रानात गेलो, ते फास लावायला शिकलो. मुलगा पहिली शिकार घेऊन आला की घरात आनंद व्हायचा.”

या रानात ट्रॅगोपान नावाचा पक्षी राहतो. कोंबडीएवढा, नराची मान शेंदरी-लाल, चेहरा पिवळा आणि विणीच्या दिवसांत डोक्यावर उभी राहणारी दोन निळी शिंगे! नागालँडचा हा राज्यपक्षी. पण १९९३ साली एकट्या खोनोमाच्या रानात सुमारे तीनशे ट्रॅगोपान मारले गेले, असे सांगतात. रानात लाकूडतोडही चालूच होती.

मग सरकार काय करत होते? आपल्याकडे हा प्रश्न पहिला येतो. ह्यांनीही तोच विचारला. पण नागालँडची गोष्ट निराळी आहे. तिथली बहुतेक जमीन आणि जंगल गावांच्या, कुळांच्या मालकीचे. राज्यघटनेच्या ३७१ (अ) कलमाने या रिवाजी हक्कांना संरक्षण दिले आहे. वनखात्याने पाटी ठोकावी आणि ‘आजपासून प्रवेश बंद’ म्हणावे, अशी सोयच नाही. हे रान वाचवायचे तर ते मारणाऱ्यांनीच वाचवायला हवे होते.

गावातल्या त्सिली साखरी यांच्यासारख्या काही मंडळींनी विषय काढला, तेव्हा विरोध झाला. तो होणारच. शिकार म्हणजे मांस, शिकार म्हणजे मर्दानगी. वाडवडिलांनी केले ते आता पाप कसे झाले? बरीच चर्चा झाली आणि अखेर १९९८ मध्ये ग्रामपरिषदेने सुमारे वीस चौरस किलोमीटरचे रान ट्रॅगोपानसाठी राखून ठेवले. शिकारबंदी मात्र तेवढ्यापुरती नाही, ती गावाच्या सगळ्या हद्दीत आहे. मोडणाऱ्याला दंड, आणि राखण गावचे तरुणच करतात.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?” मी अंकलना विचारले. ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “वाटलं ना. अजून पाऊलखूण दिसली की पाय थांबतात. माझ्या मुलाला मात्र ती खूण ओळखताच येत नाही.” मला हे चुटपूट लावून गेले. बंदीच्या कौतुकात हा हिशेब कोणी मांडत नाही. आता त्यांचे ते ज्ञान पाहुण्यांना पक्षी दाखवण्याच्या कामी येते आणि दोन पैसे मिळतात, हे खरे. पण मुलगा कोहिमात नोकरीला आहे.

परतीच्या वाटेवर त्यांनी आल्डरची झाडे दाखवली. आपल्याकडे कुमरी म्हणत, तशीच ही झूम शेती, रान तोडून-जाळून केलेली. पण खोनोमाचे शेतकरी आल्डर मुळापासून तोडत नाहीत. माणसाच्या उंचीवर छाटतात; बुंध्यातून नवे धुमारे फुटतात आणि जळण मिळते. त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात, म्हणून शेत फार वर्षे पडीक टाकावे लागत नाही. छाटून छाटून गाठाळलेले ते जाड बुंधे किती पिढ्यांचे असतील कोण जाणे! गावाला राखून वापरण्याची सवय १९९८ च्या कितीतरी आधीची आहे.

ट्रॅगोपान आम्हाला दिसला नाही. दोन पहाटे थंडीत कुडकुडत बसलो, तरी नाही. “आहे, तो आपल्याला पाहतोय,” अंकल म्हणाले.

जायचे असेल तर दिमापूरपर्यंत रेल्वे किंवा विमान आहे. तिथून कोहिमा सुमारे पाऊणशे किलोमीटर. इनर लाइन परवाना आधीच काढावा. गावात घरगुती मुक्कामाची सोय होते. चुलीपाशी बसून जेवण, गरम भात आणि घाम फोडणारी चटणी! स्वेटर आणि दुर्बीण विसरू नका. जमल्यास दोन रात्री जास्तच ठेवा. आमच्या दोन कमी पडल्या.