सांध्यातले पाणी

इंदूर–दाहोद हा नवा रेल्वेमार्ग टीहीहून पीथमपूरला, म्हणजे धार जिल्ह्यात शिरतो, तो सुमारे 3 किलोमीटरच्या बोगद्यातून. 2020 मध्ये हे काम थांबले आणि बोगद्यात पाणी साठले. पुन्हा हात घालण्याआधी ते उपसावे लागले. माळव्यात जमिनीखाली काम करणाऱ्याला याचे नवल वाटत नाही.

धार-देवासच्या काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि त्याखाली लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. घट्ट बेसाल्ट, त्याच्या माथ्यावर सच्छिद्र, गारगोट्यांनी भरलेला खडक आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा, ज्याला भूशास्त्रात ‘बोल’ म्हणतात. पाणी वाहते ते बहुधा या सांध्यांतून आणि खडकाच्या भेगांतून. विहीर खणणारा हाच सांधा शोधत असतो. बोगदेवाल्याला तोच नडतो. 1990 मध्ये ज्या देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, तिथल्या माणसाला जमिनीखाली पाणी नडते असे सांगितले तर तो हसेल. पण कोरड्या विहिरींच्या मुलखातही एखादी भरलेली भेग सुरुंगाने उघडली की पंप कमी पडतात.

बोल कोरडा असताना बऱ्यापैकी उभा राहतो. हवा आणि पाणी लागले की फुगतो, सुटतो. त्याच्यावरचा बेसाल्ट कितीही कणखर असला तरी उभ्या भेगांनी आधीच ठोकळ्यांत चिरलेला असतो. खालचा आधार गेला की ठोकळा निसटतो. झिरपणारे पाणी नितळ असेल तोवर फारशी काळजी नसते. ते तांबूस झाले, म्हणजे आतली माती धुपू लागली.

सुरुंग उडाल्यापासून छताला आधार मिळेपर्यंतचा वेळ सर्वांत धोक्याचा. धूर निवला की अनुभवी कामगार लांब पहारीने छत ठोकत पुढे सरकतो. खणखणीत आवाज आला तर खडक धरून आहे; बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, तो तुकडा तिथेच पाडायचा. त्यानंतर मलबा उपसणे, शॉटक्रीटचा म्हणजे काँक्रीटचा फवारा आणि खडक जखडणारे रॉकबोल्ट. घाईच्या पाळीत पहिली कात्री लागते ती या ठोकण्याला, कारण त्यात मीटर पुढे सरकलेले दिसत नाहीत. मागे येणारे डंपर, लोंबत्या वायरी, न उडालेली दारू यांनीही माणसे मरतात. पण त्यांची कारणे उघड असतात.

कोसळण्याचे तसे नसते. अहवालात ‘छत ढासळले’ असे लिहिले जाते. ते झाले घटनेचे वर्णन, कारण अजून सांगायचेच असते. सिंगापूरला 20 एप्रिल 2004 रोजी निकोल हायवेलगत भुयारी रेल्वेसाठी केलेला खोल चर कोसळून 4 जण दगावले. चौकशीत दिसले की भिंतींना टेकू देणाऱ्या पोलादी तुळयांचे जोड अपुरे होते आणि मऊ चिकणमातीचा हिशेब आधीपासूनच चुकला होता. भिंत सरकते आहे हे उपकरणांनी दाखवले, तेव्हा मुळाशी जाण्याऐवजी सुरक्षित मर्यादेचा आकडाच वाढवला गेला. गोव्यात कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात पाण्याने भिजलेली मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळली, कामगारांचे जीव गेले आणि 1998 च्या जानेवारीत मार्ग पूर्ण झाला तो हे काम अखेरीस उरकल्यावर. तिथे खडकच नव्हता, इथे माळव्यात खडक दिसतो. दिसणारा खडक जास्त फसवतो, असे म्हणायला जागा आहे.

म्हणून कोसळल्यानंतरच्या चौकशीत पाहायचे ते असे: फेसच्या, म्हणजे खणत असलेल्या टोकाच्या, पुढे चाचणीची भोके (प्रोब होल) मारली होती का, त्यांतून पाणी आले का, त्याचा रंग काय होता. शेवटच्या आठवड्यात छत किती मिलिमीटर खाली आले आणि तो आकडा कोणाच्या टेबलावर थांबला. रात्रपाळीने पाहिलेली ओल सकाळपाळीला सांगितली गेली का; नोंदवहीत सलग चार दिवस एकाच शाईत, एकाच अक्षरात ‘ठीक’ असेल तर ती वही आधी ताब्यात घ्यावी. माणसे बाहेर काढून झाली की ढिगाऱ्याचे तुकडेही जपावेत. तुकड्याच्या ज्या पृष्ठावर तांबडी माती चिकटलेली आहे, तिथूनच तो सुटलेला असण्याचा संभव मोठा.