हौस कुणाची, जीव कुणाचा?

लढाऊ वैमानिक घडवणारी जुनी जेट विमानं ब्रिटन-अमेरिकेत खाजगी माणसं विकत घेतात, उडवतात. मी विमानवेडा, मला याचं भारी अप्रूप. भंगारात जाण्यापेक्षा उडालेलं बरंच की!

पण २२ ऑगस्ट २०१५ विसरता येत नाही. इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या एअर शोत खाजगी मालकीचं दोन आसनी हंटर टी-७ कसरत करताना हमरस्त्यावर कोसळलं. वैमानिक वाचला. ११ जण गेले, सगळे जमिनीवरचे. काही तर नुसते रस्त्याने चालले होते. जुन्या जेटच्या जमिनीवरच्या कसरतींवर तिथे निर्बंध आले, ते त्यानंतर.

विक्रीच्या कागदावर सह्या दोघांच्याच: विकणाऱ्याची न् घेणाऱ्याची. खालून जाणाऱ्याला कुणी विचारलं? विका खुशाल, पण नियम माणसं मरायच्या आधी करा. तुम्हाला काय वाटतं?