भांगेचा रविवार

"पानी बघाला येवरं लांब? खारीत का पानी नाय?" शेजारचे काका ओट्यावर बसून म्हणाले, आणि माझ्या बेताची हवाच काढली.

कशेळीत राहणाऱ्याला पाण्याचं अप्रूप नसावं, हे त्यांचं म्हणणं तसं खरं. समोर खाडी, खाडीवर पूल, पुढच्या रस्त्याला गोदामांकडे मुंगीच्या पावलानं सरकणारे कंटेनर आणि मेट्रोचे खांब. पण आमच्याकडचं पावसाळी पाणी खालून वर येतं. भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली की गटारं उलटी वाहतात. मला वरून खाली पडणारं पाणी बघायचं होतं. सोबत मेहुणा आणि नववीतली मुलगी. ठिकाण ठरलं आसनगावजवळच्या माहुलीच्या पायथ्याचा धबधबा. माहुली म्हणजे शहाजीराजांनी 1636 साली मोगलांच्या वेढ्यात शेवटपर्यंत लढवलेला किल्ला. गड चढायचा नव्हता, चढणारही नव्हतो. पायथ्याचं पाणी बघून परत, एवढंच.

पहिली खेप 16 जून 2024. पाऊस मुंबईत येऊन आठवडा झाला होता, म्हणून मी उत्साहात. प्रत्यक्षात उघडा काळा कातळ आणि त्यावरून बोटभर ओल. मुलीनं त्या ओलीला हात लावून मोबाइलवर फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'बाबांचा धबधबा'. तो नात्यातल्या सगळ्यांना गेला. मोसमी धबधब्याचं गणित तेव्हा कळलं. पहिले काही पाऊस डोंगर स्वतःच पिऊन टाकतो. माती, झाडोरा, कातळाच्या भेगा तृप्त झाल्या की मग तो उरलेलं सोडतो.

मग ठरवलं 7 जुलै. तोवर लोणावळ्याची बातमी येऊन गेली होती. 30 जूनला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचा तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर होता. बायकोनं बोलून दाखवलं नाही, पण डब्याचं काय करायचं हेही विचारलं नाही. ते मला पुरेसं कळलं. तरी पहाटे उठून बूट चढवले, आणि बातमी आली की आटगाव-थानशेत दरम्यान रुळांवर माती आली आहे, कसाऱ्याकडची वाहतूक बंद. काका ओट्यावर होतेच. "आवस परवा झाली," ते म्हणाले, "उधान हाय. कुठं निघालास?"

तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याजवळ नीट बसलो. मी हवामान खात्याचे रंग बघत होतो. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार, 115.6 च्या वर अति जोरदार, 204.4 च्या पुढे अत्यंत जोरदार. काका बोटांवर तिथी मोजत होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत येईतो थोडा उशीर धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीला भांग. भांगेला पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. धबधब्यावर जायचा दिवस खाडीवरून ठरवायचा, हे मला आधी विनोदी वाटलं. मग लक्षात आलं की मी फक्त जायचा विचार करत होतो, घरी यायचा ते करत होते.

पंचांग काढलं. 28 जुलै, रविवार, आषाढ वद्य अष्टमी. इशाऱ्याचा रंग रोज सकाळ-संध्याकाळ पाहिला, मनाई हुकूम लागू नाही याची चौकशी केली. भाकरी, लसणाची चटणी, उकडलेली अंडी, कपड्यांचा एक जास्तीचा जोड, मोबाइल दुधाच्या पिशवीत. पहाटे रिक्षानं ठाणे स्टेशन, तिथून कसारा लोकल. टिटवाळ्यानंतर डब्यात वारा खेळू लागला. आसनगावहून पुन्हा रिक्षा. दोन्ही बाजूंना लावणी चाललेली, चिखलात वाकलेल्या बायका आणि त्यांच्या पाठीवरची निळ्या प्लॅस्टिकची इरली.

गावातला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा वाटाड्या म्हणून घेतला. तो फार बोलत नव्हता. आवाज आधी आला, मग झाडांतून पांढरं काही हललं. उंची फार नाही. पाणी तीन ठिकाणी कातळावर आपटून फुटत होतं आणि त्याचे तुषार वाऱ्यानं आमच्याकडे येत होते. मुलीनं या वेळी फोटोखाली काहीच लिहिलं नाही. आम्ही डबा सोडला, आणि वाटाड्या उठून उभा राहिला. तो धबधब्याकडे नव्हे, पायाजवळच्या ओढ्याकडे बघत होता.

मीही पाहिलं. मघाशी तळाचा गोटा दिसत होता, आता नव्हता. पाण्याला चहासारखा रंग चढला होता आणि सागाची दोन हिरवी पानं, एक काटकी, पुन्हा पानं वाहत येत होती. आमच्या डोक्यावर तर पाऊसही नव्हता. "वर पडतोय," तो म्हणाला. "चला." मेहुणा म्हणाला, पाच मिनिटं, खाऊन निघू. मुलानं उत्तर न देता आमचा डबा उचलला आणि चालू लागला. येताना ज्या ओढ्यात घोटे भिजले होते, तिथं जाताना पिंढऱ्या बुडाल्या. पलीकडे जाऊन वळून पाहिलं तेव्हा आम्ही बसलो होतो तो दगड पाण्याखाली गेला होता. धबधबा पाहायला मिळाला तो जेमतेम दहा मिनिटं. भाकरी रिक्षाच्या थांब्यावर उभ्यानं खाल्ली.

आसनगाव स्टेशनबाहेर एका मावशीकडून भारंगीच्या दोन जुड्या घेतल्या. कडू भाजी, उकळून पाणी टाकायचं आणि वालाबरोबर परतायची. इथल्या नदीचं नावही भारंगीच. माहुलीच्या या अंगाचं पाणी तिच्यात, ती भातसेत, आणि भातसेतलं पिसे इथं मुंबईला पिण्यासाठी उचललं जातं. उरलेलं उल्हासेतून आमच्या खाडीत.

संध्याकाळी सातच्या सुमाराला कशेळीत उतरलो. भरती होती, पण भांगेची. रस्ता कोरडा होता. काका ओट्यावर. मी गढूळ ओढ्याचं सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि भारंगीची एक जुडी स्वतःकडे ओढली.

"येल उद्या," ते खाडीकडे हात करून म्हणाले, "तुजं पानी हितंच येल."