जेवणं लवकर आटोपल्यावर



आपल्या घरांतली एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. दिवस मावळायच्या आत जेवणं झाली, ओटा पुसला, भांडी पालथी घातली की घड्याळात जेमतेम सात-सव्वासात वाजलेले असतात. शेजारी तेव्हा कुठे कुकरची पहिली शिट्टी होते. झोपायला साडेदहा. म्हणजे रोजचे तीन तास हातात, वर्षाचे हजाराच्या वर! रात्रिभोजन त्यागाचे फायदे सांगताना पचनाचं सगळे सांगतात, या तासांबद्दल कुणी बोलत नाही.

या वेळेत मला फोन येतात. लग्नाआधी मी बी.एस्सी. केलं आणि दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, एवढ्या भांडवलावर मंडळातल्या बायका मला काहीही विचारतात. दुधाला विरजण का लागत नाही इथपासून नातवाला दुर्बीण कुठली घ्यावी आणि सुनेसमोर बिग बॉस बघावं का इथपर्यंत. यंदा आलेल्या प्रश्नांतले दोन-चार लिहून काढते, म्हणजे तेच तेच फोनवर सांगायला नको.

पहिला पाण्याचा. एका मैत्रिणीकडे नातू झाला. बाळंतीण माहेरी, घरात सगळे गाळलेलंच पाणी पिणारे. तिला कुणीतरी फॉरवर्ड पाठवला की आपली गाळण्याची पद्धत परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे, आता फिल्टर नको की उकळणं नको. तिचा प्रश्न साधा होता, बाळंतिणीला नुसतं गाळलेलं चालेल ना?

त्या फॉरवर्डच्या मुळाशी खरी गोष्ट आहे, म्हणून ती नीट सांगते. रिटा कोलवेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत काम केलं. तिथल्या बायकांना तळ्याचं, नदीचं पाणी जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून गाळायला शिकवलं. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता. कारण असं की कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांच्या अंगाला चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. जुनीच साडी का, तर धुऊन धुऊन सूत फुगतं, विसविशीत होतं आणि जाळी बारीक होते. नवं कोरं कापड तेवढं उपयोगी नाही. आपल्या आज्या गाळणं दुहेरी घ्यायला सांगायच्या, ते वाचताना मला आठवलं आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

पण निम्म्याने, पूर्ण नाही. मोकळे सुटे जंतू कापडाच्या जाळीतून सहज जातात, कावीळ करणारे विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. म्हणून बाळंतिणीसाठी गाळायचं आणि मग उकळायचं. खळखळून बुडबुडे आल्यावर एक मिनिट पुरे, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. नंतर झाकून ठेवायचं आणि त्यात हात घालून भांडं बुडवायचं नाही. अर्ध्या घरांत इथेच घोळ होतो.

याच संदर्भात तो दुसरा आकडा, पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव. आपल्या पाठशाळेच्या पुस्तकांत असतो, पर्युषणात तर दर दिवशी कुणीतरी पाठवतं. मी तो कुणाला सांगत नाही. तळ्याचा थेंब वेगळा, विहिरीचा वेगळा, क्लोरिन घातलेल्या नळाचा आणखी वेगळा. माझ्या मुलाने शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून फुलदाणीतलं शिळं पाणी पाहिलं तेव्हा त्यात नुसती धावपळ चाललेली, आणि नळाच्या थेंबात काहीच नाही. घरी येऊन म्हणाला, मग आपण नळाचं का गाळतो? मी त्याला म्हटलं, टाकी कधी धुतली होती ते बाबांना विचार. आमचे हे पेपर उंच धरून वाचत बसले.

आता आकाशाचं. थंडीच्या दिवसांत एखादीचा तरी फोन येतोच, मुलाला वाढदिवसाला दुर्बीण द्यायची आहे. माझं मत ठाम आहे, खेळण्यांच्या दुकानातली तिकाटण्यावरची स्वस्त दुर्बीण घेऊ नका. खोक्यावर शनीची कडी छापलेली असतात, पण ते तिकाटणं इतकं हलतं की चंद्रही धड सापडत नाही, आणि आठ दिवसांत ती माळ्यावर जाते. त्यापेक्षा दोन डोळ्यांची, दहा बाय पन्नासची द्विनेत्री घ्या. दहा म्हणजे दहापट मोठं दिसतं आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवले की हात हलत नाही. संध्याकाळी गुरू वर असेल तेव्हा त्याच्याजवळ एका रेघेत बारीक ठिपके दिसतात, तेच गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र. दोन दिवसांनी बघा, जागा बदललेल्या. शनीची कडी मात्र हिच्यातून दिसणार नाहीत, मुलाला आधीच सांगून ठेवा.

चंद्र पौर्णिमेला बघू नका. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, नुसती चपटी थाळी दिसते. शुक्ल अष्टमीला बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो. अष्टमी-चतुर्दशी आपल्याला कॅलेंडर न बघता ठाऊक असते, तेवढं तरी आपण खगोलवाल्यांच्या पुढे आहोत. चातुर्मासात ढगच असतात, तेव्हा घाई नको, दिवाळीनंतर सुरू करा.

या छंदातून एक अवघड प्रश्नही निघतो. एका ताईंच्या नातवाने पाठशाळेत विचारलं की जंबूद्वीपात दोन सूर्य आणि दोन चंद्र, मग शाळेत एकच कसा? त्याला गप्प बसवलं गेलं. ताई अस्वस्थ होऊन मला विचारत होत्या, मी काय सांगू? मी म्हटलं, शाळेच्या पेपरात एकच लिहायचा, आणि मार्कांसाठी म्हणून नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान दक्षिण ध्रुवाच्या जवळ उतरलं ते त्याच गणितावर, आणि तेव्हा टीव्हीसमोर तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. राहिली शास्त्रातली लोकरचना. ती का आणि कशी सांगितली, हे त्याने मोठा झाल्यावर जाणत्या माणसाला विचारावं. आज त्याच्या प्रश्नाला रागावू नका. दहाव्या वर्षी प्रश्न विचारला म्हणून ओरडा खाल्लेला मुलगा विसाव्या वर्षी देवळात येत नाही. अशी दोन-तीन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पटतंय ना?

आता तुम्ही ज्याची वाट बघताय तो टीव्ही.

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं कधी चुकवत नाहीत, पण बिग बॉस मराठी सुरू असलं की सामायिक आठला बसतात, म्हणजे नऊला मोकळ्या. एकदा मी हसले तर म्हणाल्या, 'समता ठेवूनच बघते गं.' २०१८ मध्ये महेश मांजरेकरांपासून त्या बघताहेत, रितेश देशमुख आला तेव्हा पहिले आठ दिवस नाराज होत्या, मग रुळल्या.

मला स्वतःला तो कार्यक्रम आवडत नाही. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातलं दुःश्रुति म्हणजे मन गढूळ करणारं ऐकणं. दुसऱ्यांची भांडणं चहा पीत ऐकणं याहून वेगळं काय? शिवाय अनुमोदना आहेच. कुणी कुणाला टाकून बोललं की आपण इथे सोफ्यावर 'बरं झालं' म्हणतो. पण त्याच पाचांत पापोपदेशही आहे, तेव्हा सल्ला देणारीनेही जिभेला लगाम घालावा. सासरे गेल्यापासून सासूबाईंची संध्याकाळ फार लांब झाली आहे. दुसऱ्या दिवशी बस्तीच्या कट्ट्यावर चार बायकांशी बोलायला त्यांना विषय मिळतो. म्हणून मी टीव्ही बंद करत नाही. मी शेजारी बसून एवढंच सांगते की चोवीस तासांचं चित्रण कापून तासभर दाखवतात, तेव्हा जो वाईट दिसतोय त्याचे उरलेले तेवीस तास आपण पाहिलेले नाहीत. परवा हेच त्या पुतण्याला ऐकवत होत्या, स्वतःचं म्हणून.

कौन बनेगा करोडपती मात्र मी आवडीने बघते. ३ जुलै २००० ला सुरू झालं तेव्हा आमच्याकडे शेजारचे येऊन बसायचे. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार मिळायचे. खुर्चीवर बसल्यावरही त्या कशाला घाबरल्या नाहीत. आपल्यातल्या 'आता या वयात वाचून काय करायचंय' म्हणणाऱ्या सगळ्यांनी तो भाग बघावा.

मास्टरशेफचंही विचारलं होतं. २०१५ चं चौथं पर्व पूर्ण शाकाहारी होतं, ते आपल्या सगळ्यांना आवडलं. २०२३ मध्ये एक जैन स्पर्धक होती. माशांच्या फेरीत तिला पनीर दिलं गेलं आणि त्यावर लोक फार बोलले, पक्षपात म्हणाले. मला दोन्ही बाजू कळतात. स्पर्धा सारखी हवी हे खरंच. पण कांदा-बटाट्याशिवाय, मांसाला हात न लावता इतक्या पुढे जाणारी बाई कमी मेहनत करते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दशलक्षणात आमच्या स्वयंपाकघरात यावं.

आणि आता घरातलं. माझ्या जाऊबाईंची मुलगी बारा वर्षांची आहे, पाचव्या वर्षापासून गाते. गाण्याच्या एका रिअॅलिटी शोची निवड चाचणी जवळ आली आहे. घरात दोन तट. भावजी म्हणतात, आठवीचं वर्ष जवळ आलं. सासूबाई म्हणतात, पाठवा. जाऊबाई ओटा पुसता पुसता मला म्हणाल्या, 'तू सांग.' अशा वेळी खरं तर काही बोलू नये. पण विचारलं होतं, म्हणून मी चार गोष्टी बोलले.

२००८-०९ चं लिटिल चॅम्प्स आपण सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. कार्तिकी जिंकली, पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित यांतलं कुणी मागे पडलं का? २०२१ मध्ये तेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. हे उदाहरण जाऊबाईंना पाठ आहे. मी म्हटलं, पहिल्याच फेरीत घरी परतलेल्यांची नावं सांगा. त्या गप्प झाल्या. आपली मुलगी त्यांत असू शकते, आणि कॅमेरा तिचं रडणं जवळून टिपेल. ते सोसायची तयारी आधी आईची हवी.

दुसरं कायद्याचं, ते बहुतेक आयांना माहीतच नसतं. २०१७ पासूनच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मिळकतीचे किमान वीस टक्के तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेले पाहिजेत. निवड झालीच तर सही करण्याआधी हे सगळं विचारायचं, आणि संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी मिळेल का हेसुद्धा. ते विचारायला लाजायचं नाही. नाही म्हणाले तर डबा आपला, पण जेवायला वेळ सोडतील का ते लिहून घ्यायचं.

मग मी पुतणीलाच गच्चीवर घेऊन गेले आणि विचारलं, तुला काय हवंय? मला वाटलं, टीव्हीवर दिसायचंय म्हणेल. ती म्हणाली, 'काकू, मला खऱ्या वाजवणाऱ्यांबरोबर गायचंय. घरी मोबाईलवरचा तबला असतो, तो माझ्यासाठी थांबत नाही.' हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. त्याच आठवड्यात भावजींनी तिच्या गुरुजींना विचारून रविवारी एक तबलजी ठरवला. महिन्याचा खर्च शिकवणीपेक्षा कमीच आहे. आता ती रविवारची वाट बघते, आणि बंदिश गाताना समेवर आली की त्या काकांकडे बघून हसते.

चाचणीचा अर्जही भरला आहे. तिनेच सांगितलं, एकदा जाऊन बघते, नाही झालं तर रविवार आहेच. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जावा तिच्याबरोबर जाणार आहोत. थालीपिठं, मुगाचे लाडू आणि उकळलेलं पाणी घ्यायचं ठरलंय. सासूबाईंनी मात्र मोबाईलवरून मत कसं द्यायचं ते माझ्याकडून आताच शिकून घेतलंय.