वाट्याचा भाव

कोकणात बारीक मासळी वजनावर क्वचितच मिळते, वाट्यावर मिळते. घासाघीस झाली की मासळीवाली वर चार मांदेली टाकते आणि व्यवहार संपतो. आहाराचा खर्च काढणाऱ्या संशोधकाला मात्र ग्रॅम लागतात. काल काय खाल्लं ते विचारायचं, त्याचे ग्रॅम करायचे, टाकून दिलेल्या काट्या-सालींचं वजन त्यात मिळवायचं आणि बाजारभावाने गुणायचं. तिसऱ्यांचा वाटा असा मोजायला घेतला, की पैसे बहुतेक शिंपल्यांचेच दिलेले निघतात.

तरीही हा हिशेब मला मोलाचा वाटतो. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून दारिद्र्याची रेषा आखली. १९६०-६१च्या भावाने खेड्यात ती महिन्याला सुमारे १५ रुपयांवर आली. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर हरकत घेतली: एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, मग सरासरीखालचा प्रत्येकजण उपाशी कसा? भुकेवर इतक्या पोटतिडकीने वाद घालणारी माणसं आपल्याकडे होती.

माझी अडचण वेगळी आहे. ज्याला पैसे पडले नाहीत, त्याची किंमत काय लिहायची? राष्ट्रीय नमुना पाहणीत घरचं धान्य शेतावरच्या भावाने धरतात, फुकट गोळा केलेलं स्थानिक किरकोळ भावाने. पण पावसात बांधावरून खुडलेला टाकळा गावात विकत घेतो कोण? मुंबईतल्या जुडीचा भाव लावला, तर गरिबाचं ताट कागदावर उगाच महाग होतं. शून्य लिहिलं, तर खुडणारीचे श्रमच पुसले जातात.

कोकणातल्याच लोटे गावात हा प्रश्न आणखी बोचतो. इथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. पाळीवरचा कामगार कॅन्टीनमध्ये कमी दरात जेवतो. त्याने दिलेले पैसे म्हणजे त्या जेवणाची किंमत नव्हे. आणि खाली वाशिष्ठी नदी, दाभोळची खाडी. वसाहतीच्या सांडपाण्याने मासळी गेली, ही तिथल्या भोई मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. ज्या घरात जाळ्यातली मासळी चुलीवर चढत होती, तिथे ती विकत आली, की खिशातून जाणारा पैसा वाढतो. नुसता हा आकडा पाहणाऱ्याला वाटेल, घर सुधारलं, मासळीवर खर्च करू लागलं. ताटात पूर्वीपेक्षा कमी पडत असेल, तरीही.

अशी पाहणी इथे कुणी केली, तर प्रत्येक पदार्थापुढे किमतीच्या आधी दोन रकाने हवेत: हे कुठून आलं, आणि पूर्वी कुठून येत होतं. खाडीकाठच्या घरांत मासळीपुढची ही दोन उत्तरं आता जुळणार नाहीत.